गिऱ्हाइकाची सेवा : ओळखीची आणि नियमाची

बंगळूर शहराच्या पोटात जी जुनी पेठ आहे, तिच्यातील रस्त्यांची नावे नुसती वाचली तरी तेथील व्यवहाराचे स्वरूप ध्यानात येते. अक्कीपेट म्हणजे तांदळाची पेठ, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये हे शहर वसविले, आणि त्याच्या पेठेत एकेका मालाला एकेक रस्ता मिळाला. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे या पेठेशी महाराष्ट्राचेही जुने नाते आहे. तांदूळ घ्यावयाचा तर तांदळाच्या रस्त्याने जावे, चार दुकाने पाहावीत, मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखावेत आणि ज्याचा शब्द खरा ठरला त्याच्याकडे पुन्हा जावे, ही खरेदीची रीत अशा पेठांनीच आपल्या अंगवळणी पाडली.

गंमत अशी, की पेठेवाचून खरेदी करण्याची नवी रीत भारतात रुजली तीही याच शहरात. १९९९ मध्ये फॅबमार्ट हे संकेतस्थळावरचे दुकान येथे निघाले. २००७ मध्ये फ्लिपकार्ट निघाले. फॅबमार्टच्याच मंडळींनी पुढे २०११ मध्ये किराणा घरपोच देणारे बिगबास्केट सुरू केले. २०१३ मध्ये भारतात दुकान थाटणाऱ्या ॲमेझॉननेही आपले मुख्य ठाणे बंगळुरातच ठेवले. म्हणून घराजवळचे लहान दुकान आणि दूर कोठेतरी असलेले प्रचंड दुकान यांची तुलना करावयाची असेल, तर त्यासाठी बंगळुरासारखे दुसरे ठिकाण नाही.

ही तुलना बहुधा किमतीची केली जाते. वस्तुतः किमतीचा प्रश्न सोपा आहे. दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की तो सुटतो. सेवेचा प्रश्न तसा सुटत नाही. जिन्नस घरी आला तो फुटका निघाला, मापात कमी भरला, भलताच आला किंवा आलाच नाही, तर माझे गाऱ्हाणे कोण ऐकणार आणि त्याची दाद कोण देणार, हा तो प्रश्न आहे. संसार चालविणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी एका पुस्तकाची हकीकत पाहिली पाहिजे.

पहिले पुस्तक

सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुण अभियंत्यांनी कोरमंगल भागातील एका सदनिकेतून फ्लिपकार्ट सुरू केले तेव्हा ते केवळ पुस्तके विकीत. त्यांच्यापाशी गोदाम नव्हते. मागणी आली की शहरातील दुकानांतून पुस्तक आणावयाचे, बांधावयाचे आणि पाठवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. पहिली मागणी आली ती आंध्र प्रदेशातील, म्हणजे आताच्या तेलंगणातील, महबूबनगरहून. पुस्तक होते जॉन वुड यांचे ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टु चेंज द वर्ल्ड’. ते सहज मिळेना. शोधता शोधता अखेर ते सापडले इंदिरानगरातील सपना बुक हाऊसमध्ये.

हे सपना बुक हाऊस म्हणजे १९६७ मध्ये गांधीनगर भागात एका लहानशा दुकानापासून वाढत गेलेली संस्था. तात्पर्य, भारतातील या सर्वांत गाजलेल्या संकेतस्थळाने आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाची सेवा केली ती पेठेतल्या एका दुकानाच्या फळीवरून पुस्तक उचलून. पुढे हेच तरुण गंगाराम या पुस्तकालयाबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना आपल्या नावाच्या वाचनखुणा वाटीत असत. गिऱ्हाईक कोठे भेटते हे त्यांना नेमके ठाऊक होते : दुकानाच्या दाराशी!

सुरुवातीच्या त्या दिवसांत पुडकी बांधणे आणि ती पोहोचविणे ही कामेही ते स्वतः करीत. म्हणजे त्या काळचे फ्लिपकार्ट हे सेवेच्या दृष्टीने एक लहान दुकानच होते. धंदा लाखो घरांत पोहोचला तेव्हा ते चालणे शक्य नव्हते. मालकाच्या जागी नियम आला, आणि खरा फरक पडला तो तेथे.

ओळखीची सेवा

लहान दुकानाची सेवा कशावर उभी असते, हे पाहण्यासाठीही बंगळुरातील पुस्तकांचेच उदाहरण घेऊ. १९७१ मध्ये टी. एस. शानभाग यांनी म्यूझियम रोड आणि चर्च स्ट्रीट यांच्या कोपऱ्याशी ‘प्रीमियर बुक शॉप’ उघडले. दुकान एका खोलीचे. भिंती दिसत नसत; जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांच्या थप्प्या, आणि त्यांच्यामधून वाट काढीत जाणारे वाचक. नवख्याला तो निव्वळ पसारा वाटे. शानभागांना मात्र कोणते पुस्तक कोणत्या थप्पीत कितव्या जागी आहे हे पाठ असे. त्याहून विशेष म्हणजे कोणत्या वाचकाला काय रुचते हेही त्यांच्या स्मरणात असे. मागितल्यावाचून सवलत देणे हा त्यांचा रिवाज होता. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासारख्या वाचकाने या दुकानाविषयी कृतज्ञतेने लिहिले आहे.

हा रिवाज त्यांच्या घराण्यातलाच म्हणावा लागेल. मुंबईकर वाचक ज्यांना विसरणार नाहीत ते ‘स्ट्रँड बुक स्टॉल’चे टी. एन. शानभाग हे त्यांचे काका. त्यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्या टपरीवजा जागेत पुस्तकविक्री सुरू केली, पुढे फोर्टमध्ये दुकान थाटले, आणि पुस्तक विकण्याच्या या कामासाठी २००३ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पुस्तक विकणारा हा वाचकाचा मित्र असतो, ही भावना काका-पुतण्यांनी दोन शहरांत जोपासली.

अशा सेवेचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘ओळख’ हा होय. वाण्याच्या दुकानातही हेच घडते. घरात कोणाला मधुमेह आहे, कोणत्या घरी तुरीच्या डाळीपेक्षा मूग अधिक लागतो, कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे त्याला माहीत असते. महिनाअखेरीस त्याच्या वहीत नाव लिहून सामान आणता येते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी डोक्यावर टांगलेली असली तरी तिच्याखाली उधारीची वही उघडी असतेच. मिक्सरचे भांडे गळू लागले तर दुकानदार ते उलटसुलट करून पाहतो, दहा रुपयांची रबरी चकती बदलतो आणि नवे भांडे घेण्याचा खर्च वाचवितो. जे विकावयाचे नाही ते सांगणे, ही सेवेची फार वरची पायरी आहे.

ओळखीची मर्यादा

परंतु या ओळखीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ओळख ही ओळखीच्या माणसालाच मिळते. बदलीवर आलेले कुटुंब, शहरात खोली घेऊन राहणारी नोकरदार मुलगी, कन्नड न येणारा मजूर, अंगावरच्या कपड्यांवरून ज्याची ऐपत जोखली जाते असा गरीब माणूस, यांना त्याच दुकानात तीच वागणूक मिळेल असे नाही. एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला ‘लवकर सांगा, काय हवे’ असा खेकसा, हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? स्त्रियांच्या गरजेच्या काही वस्तू चार पुरुषांच्या देखत मागण्याचा संकोच अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याशी संकेतस्थळ निदान बरोबरीने वागते. ते जात विचारीत नाही, कपडे पाहत नाही.

शिवाय ओळखीच्या व्यवहारात पावती मागणे हे अविश्वासाचे लक्षण समजले जाते. ‘आपल्यात पावती कशाला?’ हे वाक्य गोड असते. भांडे महिन्याच्या आत तडकले, आणि दुकानदार म्हणाला, ‘आमच्याकडचे नसेल हे,’ म्हणजे त्या गोडव्याची किंमत कळते. हाती कागद नाही, आणि नाते तर आधीच बिघडलेले!

नियमाची सेवा आणि तिची मर्यादा

मोठ्या दुकानाचे बळ नेमके येथे आहे. तेथे प्रत्येक खरेदीची नोंद आपोआप होते. मागणी कधी नोंदविली, पैसे कधी भरले, पुडके कोठे पोहोचले, हे सर्व तारीखवार राहते. फ्लिपकार्टने २०१० मध्ये वस्तू हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय केली, ती आपल्या लोकांची नाडी ओळखूनच. न पाहिलेल्या दुकानदाराला आगाऊ पैसे देण्यास जो कचरत होता, त्याला त्या एका नियमाने धीर आला. वस्तू परत घेण्याच्या मुदती ठरल्या. तक्रार नोंदविताच क्रमांक मिळू लागला. बंगळूरचा धनिक असो वा बेळगावजवळच्या खेड्यातला शिक्षक, नियम दोघांनाही एकच.

मात्र नियमाला कान नसतात. त्याच्या यादीत जी तक्रार आहे तीच त्याला ऐकू येते. ‘फुटकी आली’, ‘दुसरीच आली’, ‘आली नाही’ असे चार-सहा रकाने असतात. ‘आईच्या शस्त्रक्रियेआधी हवी होती, आता नको’ किंवा ‘चालते, पण जाहिरातीत होती तशी नाही’ असे काही सांगावयाचे असेल तर त्याला रकाना नसतो. हल्ली पहिले उत्तर बहुधा यंत्रच देते. पुढे माणूस भेटला तरी तो समोरच्या पडद्यावरचा ठरीव मजकूर वाचतो. दुसऱ्या दिवशी भेटणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. त्या नोकराचा दोष नसतो. निर्णय घेण्याचा अधिकारच त्याला दिलेला नसतो.

त्यातच आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अशा संकेतस्थळांपैकी बरीचशी स्वतः माल विकीत नाहीत. ती केवळ बाजाराची जागा पुरवितात. माल विकणारा कोणी दुसराच असतो, आणि कित्येकदा तो एखाद्या पेठेतला दुकानदारच असतो. परकी भांडवल असलेल्या अशा कंपन्यांनी माल स्वतःच्या मालकीचा ठेवू नये, असे भारत सरकारचे धोरण आहे, आणि फेब्रुवारी २०१९ पासून ते अधिक कडक झाले. परिणामी तक्रार निघाली की कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखविते आणि विक्रेता वाहतूकदाराकडे. म्हणून वस्तूच्या चित्राखाली बारीक अक्षरांत छापलेले विक्रेत्याचे नाव खरेदीपूर्वी वाचणे अगत्याचे आहे.

बंगळुरातीलच एक निवाडा या बाबतीत बोधप्रद आहे. २०२२ च्या जानेवारीत एका महिलेने फ्लिपकार्टवर १२,४९९ रुपयांचा मोबाइल मागविला व त्याचे पैसे भरले. मोबाइल आला नाही. वारंवार विचारणा करूनही उपयोग झाला नाही, तेव्हा तिने जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावले. सुमारे वर्षभराने निकाल लागला : मोबाइलची रक्कम वार्षिक १२ टक्के व्याजाने परत करावी, शिवाय २०,००० रुपये दंड व १०,००० रुपये खर्चापोटी द्यावेत. दाद मिळाली, याचे कारण तिच्यापाशी नोंद होती. परंतु वर्ष गेले, हेही तितकेच खरे.

कायदा दोघांनाही

ओळख आणि नियम या दोन्ही अपुऱ्या पडतात तेथे कायदा उभा राहतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच महिन्यात संकेतस्थळावरील व्यापाराचे स्वतंत्र नियमही जारी झाले. त्यांतील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली : अशा प्रत्येक व्यापारी संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व पत्ता जाहीर केला पाहिजे. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांच्या आत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. दुसरी : माल सदोष, नकली किंवा जाहिरातीहून वेगळा निघाला, तर तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तिसरी : विक्रेत्याने स्वतःच ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालाची स्तुती लिहिणे निषिद्ध आहे. चौथी, आणि सर्वांत मोलाची : ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडेच त्याला तक्रार करता येते. कंपनीची कचेरी बंगळुरात असली म्हणून सांगलीच्या गृहिणीला बंगळूर गाठण्याचे कारण नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही.

पुष्कळांना वाटते की हा कायदा केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसे मुळीच नाही. पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग दुकान गल्लीतले असो वा संकेतस्थळावरचे. सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या पावत्यांवर छापलेले असते की तोच कायदा आहे असे आपण समजून चालतो. सदोष मालाच्या बाबतीत त्या वाक्याला काडीचाही आधार नाही.

तक्रार करण्यापूर्वी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. अनेक गाऱ्हाणी आयोगापर्यंत न जाता तेथेच मिटतात.

तिसरा मार्ग

दुकानदार आणि कंपनी यांच्यापलीकडे एक तिसरा मार्गही आहे, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यावी, माल घाऊक भावाने खरेदी व्हावा आणि तो आपसांत वाटून घ्यावा, ही तिची साधी योजना. तीत ओळखही आहे आणि नियमही आहे. बंगळुरात उत्पादकांच्या बाजूने असाच प्रयत्न झाला. द्राक्षबागाईतदारांची सहकारी संस्था म्हणून १९५९ मध्ये निघालेली ‘हॉपकॉम्स’ शहरात ठिकठिकाणी आपल्या विक्रीकेंद्रांतून भाजी व फळे विकते. दर फलकावर लिहिलेला असतो, तो सर्वांना सारखा असतो, आणि विकणारा माणूसही समोर असतो.

अलीकडे सरकारने ओएनडीसी नावाचे खुले जाळे उभारले आहे. कोणत्याही एका कंपनीच्या दावणीला न बांधता लहान दुकानदारालाही संकेतस्थळावरील गिऱ्हाईक मिळावे, हा त्याचा हेतू. त्याची लोकांसाठी पहिली चाचणी ३० सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली तीही बंगळुरातच. दुकानदाराची ओळख आणि यंत्राची नोंद यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न कितपत फळास येतो, हे दुकानदारांइतकेच गिऱ्हाइकांवरही अवलंबून राहील.

सेवा करणाराचाही विचार येथे केला पाहिजे. वाण्याच्या दुकानातला पोऱ्या आपल्या परिचयाचा असे. पाठीवर मोठी पिशवी घेऊन दुचाकीवरून येणारा तरुण मात्र दाराशी क्षणभर थांबतो आणि निघून जातो; त्याचे नावही आपण विचारीत नाही. कर्नाटक राज्याने २०२५ मध्ये अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला. त्यात त्यांच्यासाठी कल्याण मंडळाची व व्यवहारांवर शुल्क आकारून निधी उभारण्याची तरतूद आहे. परंतु चौथा मजला चढून आलेल्या त्या मुलाला पेलाभर पाणी विचारण्यासाठी कोणत्याही कायद्याची जरुरी नाही.

गृहस्थाश्रमाचा हिशेब

मग कुटुंबाने कोठे खरेदी करावी? एकाच पारड्यात सगळे टाकण्यात शहाणपणा नाही. ज्या वस्तूला सल्ला, दुरुस्ती किंवा पारख लागते, तिच्यासाठी जवळचे जाणते दुकान श्रेष्ठ. जी वस्तू सर्वत्र सारखीच असते, किंवा आपल्या गावात मिळतच नाही, तिच्यासाठी संकेतस्थळ सोयीचे. दुकानात सल्ला घ्यावयाचा, वस्तू हाताळून पाहावयाची आणि घरी येऊन ती संकेतस्थळावरून मागवावयाची, ही चाल मात्र सोडली पाहिजे. सल्ल्याचेही मोल असते, आणि ते न देणारे गिऱ्हाईक उद्याच्या सल्ल्यावर आपणच पाणी सोडीत असते.

दुकानदाराकडून पावती मागावी. ती मागण्यात नात्याचा अपमान नाही, उलट नाते टिकण्याची ती हमी आहे. कंपनीकडून माणूस मागावा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव शोधून त्याला लेखी कळवावे आणि पत्राची नक्कल ठेवावी. मोठे पुडके उघडताना त्याचे छायाचित्र घ्यावे, हमीपत्रे एका जागी ठेवावीत, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ही नवी रीत शिकविताना त्यांच्याकडून तांदूळ पारखण्याची जुनी रीत शिकून घ्यावी.

प्रीमियर बुक शॉप २००९ मध्ये बंद झाले, तेव्हा ॲमेझॉनचे भारतातील दुकान उघडण्यास अद्याप चार वर्षे अवकाश होता. मुंबईचे स्ट्रँड २०१८ मध्ये बंद झाले. टी. एस. शानभाग २०२१ मध्ये निवर्तले. अशी दुकाने केवळ संकेतस्थळांमुळे मिटतात असे नव्हे. जागेची भाडी, मालकाचे वय, पुढच्या पिढीची निराळी वाट अशी अनेक कारणे असतात. तथापि ज्या चर्च स्ट्रीटच्या आसपास प्रीमियर होते, तेथेच आजही ब्लॉसमसारखी पुस्तकांची दुकाने गजबजलेली दिसतात. ब्लॉसम सुरू करणारे मायी गौडा हे मूळचे अभियंता. प्रथम पदपथावर पुस्तके विकून त्यांनी या व्यवसायात पाऊल ठेवले. संकेतस्थळांच्या माहेरघरात, त्यांच्या ऐन भरभराटीच्या काळात, ही दुकाने तग धरून आहेत ती कोणाच्या दयेवर नव्हे. तेथे गेलेल्या माणसाला यादीत नसलेला प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मिळते. जोवर आपल्यापाशी असे प्रश्न आहेत, तोवर त्या दुकानांची पायरी चढत राहणे हे आपलेच हित आहे.